स्फोटाने सांधलेले धातू आणि संगणक



लोखंडाला लोखंड जोडायचे तर गावचा लोहार दोन्ही तुकडे भट्टीत लालभडक करतो, ऐरणीवर एकावर एक ठेवतो आणि घणाचे घाव घालतो. हे आपण पाहिलेले आहे. पण पोलादाला ॲल्युमिनियम जोडायचे झाले तर? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड १५३८ अंशांना. बरे, दोन्ही वितळवून एकत्र केलीच, तर मध्ये एक ठिसूळ थर तयार होतो. ताण पडला की सांधा तडकलाच म्हणून समजा. आणि ही जोड तर हवी असते. कित्येक जहाजांचा खालचा भाग पोलादाचा आणि वरचे बांधकाम हलक्या ॲल्युमिनियमचे असते.

यावर एक अजब उपाय निघाला, तो स्फोटाचा. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांचे तुकडे पोलादी पत्र्यावर आपटून तिथेच घट्ट बसल्याचे दिसले होते. १९६० नंतर या गोष्टीचे कारखान्यात वापरण्याजोगे तंत्र झाले. एक पत्रा खाली ठेवतात. त्यावर थोडी फट सोडून दुसरा पत्रा. त्याच्यावर स्फोटक द्रव्याचा थर. एका कडेने स्फोट सुरू केला की तो थरातून पुढे धावतो आणि वरचा पत्रा तिरका होत खालच्यावर आदळत जातो.

आदळण्याच्या जागी काय होते ते शाळेत दाखवता येईल. तळहात ओले करा, मनगटे जुळवा, बोटे दूर ठेवा आणि हात झटकन मिटा. पाणी बोटांच्या टोकांकडून पुढे उडेल. धातूचेही तसेच. पृष्ठभागावरचा पातळ थर गंज-मळासकट फवाऱ्यासारखा पुढे फेकला जातो, आणि मागे उरलेले दोन स्वच्छ धातू प्रचंड दाबाखाली एकमेकांना धरतात. सांधा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पुष्कळदा तिथे पाण्यावरच्यासारख्या लाटा दिसतात.

आता हिशेब पाहा. स्फोट सेकंदाला २५०० मीटर धावला, तर एक मीटरचा पत्रा सेकंदाच्या २५०० व्या भागात जोडून झाला! डोळ्याला काय दिसणार? शिवाय प्रत्येक चाचणीला टायटॅनियमसारखा महाग धातू लागतो, आणि वस्तीपासून दूर सुरक्षित जागाही. म्हणून चाचणी आधी संगणकावर करतात.

कशी? शेतात आपण वाफे पाडतो ना, तसे संगणक पत्र्याचे, स्फोटकाचे आणि हवेचे लाखो बारीक वाफे पाडतो. एका वाफ्यातून गेलेले पाणी शेजारच्या वाफ्यात यायलाच हवे. तसाच वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च प्रत्येक वाफ्यासाठी क्षणोक्षणी मांडला जातो. अडचण येते ती फवाऱ्यापाशी. तिथे धातू इतका ताणला जातो की वाफ्यांचे बांधच पिळवटतात आणि गणित अडते. मग वाफे सोडून धातू म्हणजे ज्वारीच्या दाण्यांसारखे सुटे कण असे मानतात. ही युक्ती १९७७ साली ताऱ्यांच्या गणितासाठी निघाली होती.

या गणितातून हाती काय येते? फट किती ठेवावी आणि स्फोटक किती घ्यावे, याची मर्यादा. वरचा पत्रा हळू आदळला तर सांधाच होत नाही. फार जोराने आदळला तर सांध्यापाशी धातू वितळतो आणि तो ठिसूळ थर परत येतो. या दोन चुकांमधली सुरक्षित पट्टी संगणक शोधून देतो, आणि शंभर चाचण्यांऐवजी थोड्याच कराव्या लागतात.

पण त्या थोड्या कराव्याच लागतात, बरे का! धातूची ताकद, स्फोटाचा वेग हे आकडे आपणच संगणकाला पुरवतो. ते चुकले तर पडद्यावर सुबक चित्र उमटते, आणि तेही चुकीचे. म्हणून गणिताने दाखवलेल्या लाटा प्रत्यक्ष कापलेल्या सांध्यातल्या लाटांशी ताडून पाहतात; सांधा ओढून, वाकवून त्याची परीक्षा घेतात. जहाजावरच्या माणसांचा भार अखेर त्या सांध्यावर असतो. शिक्षकांनी मुलांना एवढे जरूर सांगावे, की गणिताने वाट दाखवावी आणि प्रयोगाने तिची खात्री करून घ्यावी.