वाईन मुरते, अल्कोहोल उतरत नाही

नाशिकच्या वायनरीतून आठ-दहा वर्षांपूर्वी आणलेली शिराझची बाटली कपाटात जपून ठेवलेली असते. जुना मित्र बऱ्याच दिवसांनी घरी येतो आणि ती बाहेर निघते. ‘मुरलीय, आता सौम्य झाली असेल,’ असं म्हणत गप्पांच्या ओघात दोघं मिळून ती संपवतात. गैरसमज आहे तो या ‘सौम्य’ शब्दात.

बाटलीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रेड वाईनमध्ये बदल होतात, हे खरं. तुरटपणा देणारे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. जांभळट रंग विटकरीकडे झुकतो, वासही बदलतो. त्यामुळे वाईन जिभेला मऊ लागते. अल्कोहोल मात्र जवळपास तेवढंच राहतं. शिवाय हे मुरणं साधारण १२ ते १५ अंश तापमानात, अंधारात व्हायला हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरातल्या कपाटात वाईन मुरण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता जास्त.

आता हिशोब पाहू. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १३ टक्के म्हणजे सुमारे ९७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ते सुमारे ७७ मिलिलिटर असतं. म्हणजे अर्धी बाटली वाईन पिणाऱ्याच्या पोटात जवळजवळ दोन लार्ज पेग गेलेले असतात. रेड वाईनमधल्या ज्या रेसव्हेरेट्रॉलचे गोडवे गायले जातात, ते लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

साठीच्या आसपासच्या मित्रांपैकी एकाला तरी मधुमेह असतोच. तो ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर खरा धोका मैफल संपल्यावर सुरू होतो. यकृत अल्कोहोल पचवण्यात गुंतलं, की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं. औषध मात्र आपलं काम करत राहतं. जेवण कमी झालं असेल तर मध्यरात्री किंवा पहाटेही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, बरळणं ही तिची लक्षणं. तोंडाला वाईनचा वास असल्यानं घरच्यांना वाटतं, चढली आहे, झोपू द्या. नेमकी हीच चूक जिवावर बेतते.

अशा वेळी ग्लुकोमीटरनं साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. ग्लुकोमीटर नसेल तर साखर द्यायला थांबू नये. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावं आणि १०८ला फोन करावा.

मधुमेह, यकृताचा आजार, झोपेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांनी घ्यायचं ठरवलंच आहे, त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये आणि नंतर गाडी चालवू नये. बाटली उघडली म्हणजे संपवलीच पाहिजे असंही नाही. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली वाईन दोन-तीन दिवस सहसा टिकते. गप्पांसाठी मित्र पुन्हा येईलच.