बोंडाच्या आतलं दाखवणारी चित्रं

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा आणि विदर्भातला कापूस पोखरून काढला. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातही तेच. पऱ्हाटी हिरवीगार, बोंडांनी लगडलेली; पण बोंड फोडलं की कापूस कवडी आणि सरकी पोकळ. या अळीची रीतच तशी आहे. कोवळ्या बोंडात ती शिरते, आणि बोंड वाढता वाढता तिचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं चांगलंच दिसतं. पाकळ्या चिकटून मिटलेली डोमकळी दिसली की जाणता शेतकरी सावध होतो, पण तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

पुढच्या हंगामांत याविषयीचे व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागले. बरेचसे एकाच साच्याचे होते: बांधावर उभं राहून कुणीतरी माहिती सांगतंय आणि माइकमध्ये वारा घोंगावतोय. काही मोजक्या व्हिडिओंत मात्र बोंड उभं चिरून रेखाटलेलं होतं. पतंग अंडी घालतो, अंड्यातून निघालेली अळी आत शिरते, एक सरकी खाऊन दुसरीत जाते, मोठी झाली की बाहेर पडून कोषात जाते आणि कोषातून पुन्हा पतंग. जवळजवळ महिनाभर चालणारं चक्र दीड-दोन मिनिटांत डोळ्यांसमोरून जायचं. पतंग पकडणारा कामगंध सापळा कशासाठी लावायचा, हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवून फरदड का घ्यायची नाही, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. त्या चित्रांत ना चकाकी होती, ना त्रिमिती. सपाट रंग, जाड रेषा, बस्स. अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरांना गप्प बसवायची वस्तू, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. जे डोळ्याला दिसत नाही, जे फार सावकाश घडतं, किंवा जे कॅमेऱ्यासमोर मांडताच येत नाही, ते दाखवायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. महाराष्ट्रात हे काम सिनेमा यायच्याही आधीपासून होत आलं आहे.

चित्रकथी आठवा. गोदाकाठच्या पैठणच्या नावानं ओळखली जाणारी ती पानं, आणि सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी आजवर जपलेल्या पोथ्या. त्या घराण्यांतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीतलं चित्र हलत नाही. कथेकरी एकेक पान समोर धरतो, गातो, वाद्य वाजवतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते पान हलू लागतं. आज स्थिर चित्रं आणि त्यावर आवाज अशा पद्धतीनं केलेल्या व्हिडिओला कुणी स्वस्तातलं म्हणून नाक मुरडतो, तेव्हा ही परंपरा त्याच्या ध्यानात नसते. सांगणारा कसलेला असेल तर चित्रानं फार हलायची गरज नसते.

चित्र प्रत्यक्ष हलवलं ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी. 1892 साली त्यांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, एकाच आकृतीच्या वेगवेगळ्या अवस्था, आणि त्या झपाझप बदलणारे दिव्याचे कंदील. पडद्यावरचं पात्र हात उचलायचं, मान वळवायचं. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या 7 जुलै 1896 रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. मला त्याआधीचा वाटाणा जास्त महत्त्वाचा वाटतो. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा एका जागी रोवला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट टिपत राहिले. फीत चालवली तेव्हा वाटाण्याचा अंकुर मातीतून वर आला आणि क्षणार्धात वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावानं ती फीत ओळखली जाते. ती पाहूनच यशवंतराव नाडकर्णी नावाचे गृहस्थ त्यांच्या चित्रपटाला भांडवल द्यायला तयार झाले. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या पहिल्या भांडवलामागे एका रोपाचं चित्रण आहे, जे कुठल्याही शेतकऱ्यानं आयुष्यभर बघूनही डोळ्यांनी कधी हलताना पाहिलेलं नसतं. पुढे 'आगकाड्यांची मौज' मध्ये त्यांनी काड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायच्या, असं करत काड्यांना पडद्यावर चालवलं. 'लक्ष्मीचा गालिचा' मध्ये हाच प्रयोग नाण्यांवर केला. आज मुलं मोबाइलवर ज्याला स्टॉप मोशन म्हणतात ते हेच.

1930 च्या दशकात प्रभात फिल्म कंपनीनं 'जंबूकाका' नावाचं कोल्ह्याचं कार्टून काढलं, कोल्हापूर सिनेटोननंही प्रयत्न केले. पण कागदावर चित्रं काढून ती हलवायची तर सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी दहा मिनिटांच्या फितीला सात हजार दोनशे चित्रं होतात. एवढ्या मेहनतीचा खर्च खाजगी कंपनीला झेपणारा नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो भार सरकारी फिल्म्स डिव्हिजननं उचलला. 1956 मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी पुढच्याच वर्षी 'द बन्यन डिअर' केला. गोष्ट जातकातली होती. अजिंठ्याच्या भिंती जातककथांनीच रंगलेल्या असल्यानं आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ती परकी वाटायचं कारण नव्हतं. थिएटरात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची फीत दाखवणं सक्तीचं होतं. अगदी तालुक्याच्या गावातल्या प्रेक्षकालाही, त्यानं मागितलेलं नसताना, पाच-सात मिनिटांची अशी चित्रं बघायला मिळायची.

त्या काळातली एक फीत मी कितीही वेळा पाहू शकतो: 1974 ची 'एक अनेक और एकता'. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाई यांचं. विजयाताई मुंबईत जन्मल्या, शिक्षणक्षेत्रात अधिकारी झाल्या, पुढे शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख झाल्या. 1975-76 मध्ये उपग्रहावरून खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोचवण्याचा साइट हा प्रयोग झाला, त्यासाठी मुलांचे चित्रपट बनवून घेण्याचं काम या केंद्राकडे होतं. शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरं एकत्र उडून जाळंच घेऊन जातात, ही गोष्ट पंचतंत्राएवढी जुनी. ती सांगताना भीमसेन यांनी काय केलं ते नीट पाहा. पाखरं सपाट, पिसांचा तपशील नाही. मुलांचे चेहरे चार रेषांत. मागचं दृश्य बरंचसं मोकळं. तपशील कमी असल्यानं मुलाचं लक्ष नेमकं 'एक' आणि 'अनेक' यांतल्या फरकावर जातं. पीस न् पीस दाखवलं असतं तर पाखरं देखणी झाली असती, पण मग मूल त्यांच्याकडेच बघत बसलं असतं आणि मुद्दा हरवला असता. काय गाळायचं हे ठरवणं ही या कलेतली सगळ्यांत कठीण गोष्ट आहे, आणि त्या फितीत ती उत्तम जमली आहे.

फिल्म्स डिव्हिजनमध्येच घडलेले राम मोहन (1931-2019) यांचं एक काम तर आजही आमच्या जिल्हा परिषद शाळांत जिवंत आहे. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' मधला अ‍ॅनिमेशनचा तुकडा त्यांचा, आणि त्याच चित्रपटातून विजयाताईंच्या कन्या सुहासिनी मुळे पडद्यावर आल्या. पण मी म्हणतो ते काम 'मीना'चं. नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी त्यांनी ही मुलगी घडवली. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, चारही देशांतल्या खेड्यांत ती आपलीच वाटली पाहिजे, ही अट होती. तिचा पेहराव, केस, घर, अंगण, सगळं त्या कसोटीवर घासून ठरवलं गेलं. सोबत भाऊ राजू आणि मिठू पोपट. मुलीला शाळेत का पाठवायचं, भावाइतकंच तिच्याही ताटात का वाढायचं, हे खऱ्या माणसांच्या चित्रीकरणातून सांगितलं असतं तर कुणाला तरी वाटलं असतं, आपल्याच घराकडे बोट दाखवलंय. रेषेतली मुलगी कुणाच्याच घरची नसते, म्हणून ती सगळ्यांच्या घरात शिरू शकते. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मीना-राजू मंच चालतात ते याच भावंडांच्या नावानं.

मराठी मुलांसाठी असं सातत्यानं काम करणारी स्वतःची संस्था आपल्याकडे होती. 27 जानेवारी 1984 रोजी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. पाठ्यपुस्तकातले धडे, विज्ञानाचे प्रयोग, बाहुल्या, चित्रं, गाणी अशा किती रीतींनी तिनं कार्यक्रम केले! दूरदर्शनवरून ते आमच्यापर्यंत यायचे, अर्थात वीज असली तर. मराठवाड्यातल्या भारनियमनानं त्यातले निम्मे तरी गिळले असतील. तरी मराठीत, मराठी मुलांच्या अभ्यासाला धरून चित्रं हलवणारे हात तिथं तयार होत होते. केंद्राचा निधी आटला, राज्यानं पुरेसा भार उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि 2017 मध्ये ती बंद झाली. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते लपवावंसंही वाटत नाही. इमारत पुन्हा उभी करता येते. तीस वर्षांत बसलेला हात एकदा पांगला की पांगलाच. आणि हे घडलं कधी, तर प्रत्येकाच्या खिशात पडदा येत होता नेमक्या त्याच काळात.

ती जागा भरायला दुसऱ्यांनी त्याआधीच सुरुवात केली होती. 2005 मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' चालला आणि अ‍ॅनिमेशनला भारतात प्रेक्षक आहे हे सिद्ध झालं. 2008 मध्ये हैदराबादेतून 'छोटा भीम' आला. हदगावहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, पण भीम बोलायचा हिंदी. आमच्याकडची लहान पोरं आज भांडताना सहज हिंदी बोलून जातात, ती तिथूनच शिकलेली. भीमवर माझा राग नाही. त्याच्या तोडीचं मराठीत काही रोज दिसत नव्हतं, हे खरं दुखणं आहे. 2018 मध्ये मराठीत 'प्रभो शिवाजी राजा' हा अ‍ॅनिमेशनपट आला. पण एक चित्रपट म्हणजे रोजचा कार्यक्रम नव्हे.

आता तालुक्याच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओवाल्याकडे जा. लग्नपत्रिका, बारसं, वाढदिवस, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा, सगळ्यांचे हलते व्हिडिओ तो तासाभरात करून देतो. तयार साचा, त्यात फोटो आणि नाव. अक्षरं फिरत येतात, सोनेरी कण उधळतात. याला बाजार आहे आणि त्यावर घरं चालतात, तेव्हा त्याला कमी लेखायचं कारण नाही. अडचण एवढीच की हाच साचा मग आरोग्याच्या, शेतीच्या, शाळेच्या व्हिडिओलाही लावला जातो. लसीची तारीख सांगायला अक्षरं उधळून काय साधतं? आकडे, टक्केवारी, पावसाची तुलना सांगायची तर साधी वाढत जाणारी पट्टी पुरते. यंत्राच्या आतला भाग, शरीरातलं रक्ताभिसरण दाखवायचं तर त्रिमिती हवी, कारण तिथं खोली कळायला लागते. सूत्र उलगडायचं तर पांढऱ्या फळ्यावर हात लिहीत जातो ती पद्धत बरी, कारण लिहिण्याच्या वेगानंच मूल विचार करतं. गोष्ट सांगायची तर मात्र हातानं काढलेल्या रेषेला तोड नाही. गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' एकेक चौकट रंगवून केला आणि 2006 मध्ये तो कान महोत्सवात गौरवला गेला. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या नीना सबनानी यांनी कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बायकांची कहाणी त्यांच्याच टाक्यांच्या चित्रांतून हलती केली. तिथं शैली बाहेरून चढवलेली नाही, ती सांगणाऱ्यांच्या हातातूनच आली आहे.

आमच्याकडे ही वाट तंत्रस्नेही शिक्षकांनी धरली आहे. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, दीक्षा अ‍ॅप आलं, कोरोनात शाळा बंद पडल्या, आणि ज्या शिक्षकांनी कधी चित्रकलेची परीक्षा दिली नव्हती तेही पीपीटीमधून आणि मोबाइलवरच्या एडिटिंग अ‍ॅपमधून चित्रं हलवायला लागले. तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलांनी केलेली फीत पाहिली. ओल्या मातीच्या कुंडीत सोयाबीनचा दाणा, विटांवर टेकवून घट्ट बांधलेला मोबाइल आणि ठरल्या वेळी फोटो घेण्याच्या पाळ्या. कोंब आधी कमान करून वर येतो, मग मान सरळ करतो आणि दोन्ही दलं उघडतात. पडद्यावर ते काही सेकंदांत होतं. पिढ्यान् पिढ्या पेरणाऱ्या घरांतली ती पोरं, पण कोंब मान वाकवून माती फोडतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि लगेच एकीनं विचारलं की पेरणीनंतर जमिनीवर पापडी धरली तर ही मान मोडते का. मोडते, म्हणूनच उगवण विरळ होते. फाळक्यांच्या वाटाण्याचं नाव त्या वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

अशा फिती आज शिक्षकांच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. बदली झाली, मोबाइल बदलला, मेमरी भरली की त्या जातात. नांदेडच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं त्या गोळा कराव्यात, नीट नावं देऊन ई-बालभारतीकडे पोचवाव्यात. बालचित्रवाणीच्या जुन्या कार्यक्रमांतलं जे अजून चालू शकतं ते शाळांना खुलं करून द्यावं. आणि कृषी विद्यापीठानं, कृषी विभागानं चित्र काढणाऱ्या दोन मुलांना तरी पगारावर ठेवावं. बोंडअळी दर खरिपात येते, आणि तिचं आमच्या बोलीतलं, आमच्या पऱ्हाटीचं चित्र काढायला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओची वाट बघायची गरज उरलेली नाही.