आतड्याची बायपास शस्त्रक्रिया आणि पाचक संप्रेरके

आतड्याची बायपास शस्त्रक्रिया (जेजुनोइलियल बायपास) ही तीव्र स्थूलतेवर पूर्वी केली जाणारी एक शस्त्रक्रिया होय. तीत लहान आतड्याचा बहुतेक भाग अन्नमार्गातून वगळला जाई. अन्नाचे शोषण कमी करणे हा तिचा मूळ हेतू होता; तथापि तिच्यामुळे आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या पातळीतही मोठे बदल होतात, असे पुढे आढळून आले. गंभीर दुष्परिणामांमुळे १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

अमेरिकेतील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये या शस्त्रक्रियेसंबंधीचे पहिले वृत्त प्रसिद्ध केले. पेन व डीविंड यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत विशेष रूढ झाली. तीत मध्यांत्राचा सुरुवातीचा सुमारे ३५ सेंमी. भाग शेषांत्राच्या अखेरच्या सुमारे १० सेंमी. भागाला जोडत असत. कित्येक मीटर लांबीचे उरलेले आतडे कापून काढले जात नसे. ते पोटातच राही. त्यामुळे गरज भासल्यास मूळ रचना पुन्हा जोडता येई.

आतड्यातील संप्रेरके

बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये शोधलेले सिक्रीटिन हे आतड्यातील पहिले ज्ञात संप्रेरक होय. आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी अन्नाच्या संपर्कात येताच संप्रेरके रक्तात सोडतात. आतड्याच्या वरच्या भागात प्रामुख्याने सिक्रीटिन, कोलेसिस्टोकायनिन व जीआयपी ही संप्रेरके तयार होतात. जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके तयार करणाऱ्या एल-पेशी, तसेच न्यूरोटेन्सिन स्रवणाऱ्या पेशी, शेषांत्रात विपुल असतात. जीएलपी-१ रक्तशर्करा वाढलेली असताना स्वादुपिंडातून इन्सुलिनचा स्राव वाढविते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि पीवायवायप्रमाणेच भूक कमी करते. शेषांत्रात न पचलेले अन्न पोहोचताच वरच्या पचनमार्गाची गती मंदावते. या यंत्रणेस ‘शेषांत्रीय अवरोध’ म्हणतात.

संप्रेरकांवरील परिणाम

निरोगी व्यक्तीत बहुतेक पोषकद्रव्ये शेषांत्राच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शोषली जातात. बायपासनंतर मात्र अर्धवट पचलेले अन्न तेथे लवकर व मोठ्या प्रमाणात येते आणि संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी जोमाने उत्तेजित होतात. अशा रुग्णांत जेवणानंतर एन्टेरोग्लुकॅगॉन व न्यूरोटेन्सिन यांची पातळी लक्षणीय वाढलेली आढळली. पुढील अभ्यासांत जीएलपी-१ ची वाढही दिसून आली आणि ती अनेक वर्षे टिकून राहते, असे आढळले. जीआयपीच्या पातळीतील बदल मात्र सर्व अभ्यासांत एकसारखा नाही.

या निरीक्षणांमुळे वजन घटण्याचे श्रेय केवळ अपुऱ्या शोषणास देणे अपुरे ठरले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा आहारही कमी होत असे. त्यामागे भूक कमी करणारी संप्रेरके हे एक कारण असावे, असे मानले जाते. तथापि खाल्ल्यानंतर होणाऱ्या जुलाबांच्या धास्तीनेही काही रुग्ण कमी खात. कालांतराने उरलेल्या आतड्याच्या अस्तराची वाढ होऊन शोषण काहीसे सुधारे. एल-पेशींतूनच स्रवणारे जीएलपी-२ अशा वाढीस चालना देते.

दुष्परिणाम

संप्रेरकांतील बदल अनुकूल असले, तरी रुग्णांना त्यांची किंमत मोठी पडली. सततचे जुलाब, क्षारांचे असंतुलन, जीवनसत्त्वांची कमतरता, ऑक्झलेटचे मुतखडे, सांधेदुखी आणि काही वेळा प्राणघातक यकृतविकार उद्भवत. अन्नमार्गातून वगळलेल्या आतड्यात जंतूंची अतिरिक्त वाढ हे यांपैकी काही विकारांचे कारण होते. अनेकांवर मूळ रचना पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांची ती झाली नाही, त्यांना यकृत व मूत्रपिंडांची तपासणी आयुष्यभर करून घेणे आवश्यक असते.

आजच्या शस्त्रक्रियांशी संबंध

एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली जठराची बायपास शस्त्रक्रिया याहून वेगळी आहे. तीत जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट मध्यांत्राला जोडतात. वगळलेल्या आद्यांत्रातून पित्त व स्वादुरस वाहत राहतात. या शस्त्रक्रियेनंतरही जेवणानंतरची जीएलपी-१ व पीवायवाय यांची पातळी वाढते. मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा अनेकदा वजन पुरेसे घटण्यापूर्वीच सुधारते. त्यात कमी आहाराइतकाच या संप्रेरकांचाही वाटा असल्याचे मानले जाते. काही रुग्णांत मात्र जेवणानंतर इन्सुलिन अतिरिक्त स्रवून रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. सेमाग्लुटाइडसारखी औषधे जीएलपी-१ च्याच ग्राहींवर कार्य करतात. त्यामुळे या संप्रेरकाचा काही परिणाम आज शस्त्रक्रियेविनाही साधता येतो.