आरोग्यविमा आणि पाचवे घर

दक्षिणेकडून दिल्लीला जाणारी गाडी इटारसी सोडून पुढे गेली, की भोपाळच्या थोडे अलीकडे एक स्थानक लागते. नोव्हेंबर २०२१ पासून त्याचे नाव राणी कमलापती झाले आहे; परंतु आसपासच्या वस्तीची ओळख अजून हबीबगंज हीच आहे. राष्ट्रीय पातळीवर झालेली आरोग्यसुधारणा एखाद्या राज्यातील माणसापर्यंत कशी पोहोचते, आणि कोठे अडते, हे समजून घ्यायला हा परिसर फार सोयीचा आहे. आपण येथे पाच घरांची कल्पना करू. घरे काल्पनिक आहेत, नियम मात्र खरे.

पहिले घर भेलच्या कामगाराचे. विजेची अवजड यंत्रे तयार करणाऱ्या या सरकारी कारखान्याचे स्वतःचे कस्तुरबा रुग्णालय हबीबगंज भागातच आहे. दुसरे घर केंद्र सरकारच्या कारकुनाचे. त्याला १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढे भोपाळपर्यंत आलेली केंद्रीय आरोग्य योजना लागू आहे. तिसरे घर गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे. त्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के राज्य कामगार विमा योजनेत जमा होतात. सोनागिरीचे विमा रुग्णालय त्याच्यासाठी उघडे असते. या तिन्ही घरांना जे संरक्षण मिळते ते नोकरीमुळे.

चौथे घर हमालाचे अथवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. तिला नोकरीचा कागद नाही, म्हणून विमाही नव्हता. २००८ साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत उपचार देण्याची तरतूद होती. मोठ्या शस्त्रक्रियेला ती रक्कम कोठून पुरणार? २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि ही मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर गेली. माणसे किती, वये काय, याचे बंधन राहिले नाही. आधीपासूनच्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळाले. मूळ यादीत देशातील सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबे होती.

येथे एक घटनात्मक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे, तर विमा हा केंद्राचा. त्यामुळे केंद्राने योजना आखली, तरी ती राबवायची कशी हे राज्य ठरवते. मध्य प्रदेशात खर्चाचा वाटा केंद्र ६० व राज्य ४० टक्के असा आहे. या राज्याने विमा कंपनी मध्ये न घेता स्वतःच्या संस्थेमार्फत रुग्णालयांना पैसे देण्याची पद्धत स्वीकारली. म्हणजे लोक ज्याला विमा म्हणतात, त्यात विमा कंपनीच नाही!

पण राज्याच्या निर्णयाचा अधिक महत्त्वाचा परिणाम यादीवर झाला. केंद्राची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून केलेली. त्यानंतर शहरात आलेल्या किंवा त्या वेळी नोंद राहून गेलेल्या गरिबाचे काय? मध्य प्रदेशाने अन्नसुरक्षेची पात्रता पर्ची असलेली आणि असंघटित कामगारांच्या 'संबल' योजनेत नोंदलेली कुटुंबेही घेतली. इतर राज्यांनी आपापल्या वाटा काढल्या. कर्नाटकाने २०१८ मध्ये आपली योजना केंद्राच्या योजनेशी जोडली आणि दारिद्र्यरेषेवरील रुग्णांनाही ठरावीक खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत मदत ठेवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचे ठरवले. तात्पर्य, आजार एकच, योजनाही नावाला एकच, पण माणूस कोणत्या राज्यात राहतो यावर त्याचे संरक्षण ठरते.

आता पाचवे घर. हे लहान दुकानदाराचे किंवा खाजगी शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकाचे. गरिबांच्या यादीत बसण्याइतके दारिद्र्य नाही, विमा मिळावा अशी नोकरी नाही. कारखान्यातला कामगारही या घरात येऊ शकतो. राज्य कामगार विम्यासाठी वेतनाची मर्यादा २०१७ साली २१ हजार ठरली. पगारवाढ झाली आणि ती ओलांडली, की काही काळाने विम्याचे छत्र जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने अशा मधल्या वर्गाची संख्या लोकसंख्येच्या किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी सांगितली होती.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत घेतले गेले. त्यामुळे पाचव्या घरातील बहात्तर वर्षांच्या आईला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण घर चालवणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला मिळत नाहीत. त्याने खाजगी विमा घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर रद्द झाला, हे बरे झाले. परंतु हप्ता स्वतःच भरायचा, आणि जुन्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते.

शिवाय चौथ्या घरानेही निर्धास्त राहू नये. आयुष्मान योजनेत पैसे मिळतात ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस औषधे व तपासण्या धरल्या जातात. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची साधी भेट, हा खर्च खिशातूनच होतो. थोडक्यात, रक्तदाबाची गोळी परवडली नाही म्हणून पक्षाघात झाला, तर त्या पक्षाघाताचा खर्च योजना उचलते, गोळीचा नाही. त्यातच नोंदींचा प्रश्न. २०२३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच दूरध्वनी क्रमांक आढळला होता.

या सुधारणेने काही दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. चौथ्या घराला रुग्णालयाचा दरवाजा प्रथमच हक्काने उघडला, ही लहान गोष्ट नाही. पण नोकरीशी जोडलेल्या जुन्या योजना मोडून नवी झाली नाही. जुन्यांच्या शेजारी आणखी एक छप्पर उभे राहिले, आणि दोन छपरांच्या मधल्या जागेत पाचवे घर भिजत राहिले. संरक्षण माणसाला न मिळता यादीला मिळते, तोवर हे असेच चालणार.

विद्यार्थी मित्रांनी एक काम अवश्य करावे. सुटीत घरी जाल तेव्हा आपले घर या पाचांपैकी कोणते, हे आईवडिलांजवळ बसून पाहा. कार्ड कोणाकोणाचे आहे, नावे बरोबर आहेत का, जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे एका कागदावर लिहून ठेवा. ही चौकशी घरात कोणी आजारी नसतानाच करायची असते. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहून यादी शोधण्याची वेळ कोणावरही येऊ नये.