कोंबडीला इंजेक्शन देतात, पण कशाचं?

‘बॉयलर नको बाई, इंजेक्शनं टोचून फुगवलेली असते.’ हैदराबादेत हे वाक्य सुलतान बाजारातल्या गप्पांत ऐकू येतं, काचीगुड्याला उतरलेल्या नांदेडच्या पाहुण्यांच्या तोंडी असतं आणि शिकल्यासवरल्या घरांत तर हमखास असतं. सोबत पुरावाही तयार असतो: ‘आमच्या ओळखीच्याने शेडमध्ये सुई टोचताना डोळ्यांनी पाहिलंय.’

पाहिलं असेल, त्यात खोटं काही नाही. पण ती सुई विषाणूंच्या लसीची होती.

हॅचरीत पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या मानेमागच्या कातडीखाली जेमतेम 0.2 मिलिलिटर लस जाते. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या पिल्लांना तर ती चुकत नाहीच. ही लस मॅरेक्स रोगाची. मॅरेक्सच्या विषाणूमुळे कोंबडीला कर्करोग होतो, पाय लुळे पडतात. 1970च्या सुमारास लस वापरात आली आणि कोणत्याही प्राण्यातला कर्करोग लसीने रोखण्याची ती पहिलीच वेळ ठरली. पेशींसह गोठवलेली ही लस उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. बाहेर काढल्यावर ती थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून हॅचरीत त्या कामाची धांदल असते. पाहणाऱ्याला दिसते ती फक्त सुई.

पुढच्या बहुतेक लसींना सुईही लागत नाही. पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाच्या लसीचा थेंब डोळ्यात टाकतात. दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस पिण्याच्या पाण्यातून देतात. त्या पाण्यात क्लोरीन चालत नाही, कारण क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू मरतो. म्हणून पाण्यात थोडी स्किम दूध पावडर कालवतात. पक्ष्यांना आधी तासभर तहानलेलं ठेवतात, म्हणजे सगळं पाणी दोन तासांत संपतं. ‘पाण्यात पांढरं काहीतरी मिसळतात’ ही कुजबुज इथूनच सुटते. ते पांढरं म्हणजे दूध पावडर.

आता वाढीच्या हार्मोनबद्दल. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. टोचायचं तर पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी हातात धरून वारंवार सुई टोचायची, तीही किलोमागे काही रुपयांच्या नफ्यासाठी? हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. शिवाय प्रयोगांत हे हार्मोन देऊनही ब्रॉयलरची वाढ म्हणण्यासारखी होत नाही, हे संशोधकांनी केव्हाच तपासलं आहे.

मग ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा कसा होतो? निवड पद्धतीच्या पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालच्या वाणांचे पक्षी एकाच वेळी, एकच खाद्य देऊन वाढवले. 56व्या दिवशी त्यांची सरासरी वजनं भरली अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम. हा अभ्यास 2014 मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खाद्य तेच, निगा तीच, फरक फक्त वाणाचा. पैदाशीचं हे शास्त्र आपल्या शहरातही आहे. परसात पाळायची ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ ही वाणं राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातच तयार झाली.

‘मुली लवकर वयात येतात त्या चिकनमुळे’ हेही याच गैरसमजाचं शेपूट. बदललेला आहार आणि वाढलेलं वजन ही कारणं बाजूला ठेवून आया उगाच कोंबडीला दोष देत बसतात, आणि त्या मुलीचं हक्काचं अंडंही ताटातून जातं. याचा मला मनापासून राग येतो.

काळजीच करायची तर अँटिबायोटिकची करा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2014 मध्ये राजधानी परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायाचं औषध. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्राला 2019 मध्ये बंदी घालावी लागली. हा प्रश्न खरा आहे, आणि लसीकरण नीट झालं तर अशी औषधं वापरायची वेळच कमी येते. गंबोरोचा विषाणू पिल्लाची प्रतिकारशक्ती घडवणारा अवयवच पोखरतो. त्यानंतर येणाऱ्या जिवाणूंसाठी मग औषधांचा मारा सुरू होतो.

बाकीचे समज थोडक्यात. ‘लसीतला विषाणू आपल्या पोटात जातो’: मॅरेक्स आणि गंबोरो माणसाला होत नाहीत, राणीखेतच्या लसीचा थेंब लस देणाऱ्याच्या डोळ्यात उडाला तर काही दिवस डोळे येतात, एवढंच. ‘राणीखेत म्हणजेच बर्ड फ्लू’: विषाणू वेगळे, कुळंही वेगळी. ‘चिकनने कोरोना होतो’: फेब्रुवारी 2020 मध्ये या अफवेपायी तेलंगणाच्या मंत्र्यांना व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवावं लागलं, त्यात तथ्य नव्हतं. ‘बर्ड फ्लूत चिकन, अंडी बंदच’: 70 अंशांवर आतपर्यंत शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कच्च्याची गोष्ट मात्र निराळी. मार्च 2025 मध्ये आंध्रच्या पालनाडू जिल्ह्यात बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूची लागण झालेली दोन वर्षांची मुलगी दगावली. चिकनचा कच्चा तुकडा तिला दिला होता, असं घरच्यांनी सांगितलं. तेव्हा कच्चं मांस मुलांच्या हाती देऊ नका आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका.

इंजेक्शनच्या या भीतीची खरी किंमत मोजतात त्या परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बाया. ‘आमची गावरान, तिला सुई नको’ म्हणून लस टळते आणि मग मानमोडी येते. राणीखेतचंच हे गावाकडचं नाव. माना वाकड्या होतात, हिरवी हगवण लागते, आणि उग्र प्रकार असला तर लस न दिलेला अख्खा कळप काही दिवसांत संपतो. या रोगाची लस भारतात 1940च्या दशकापासून आहे. मुक्तेश्वरला तयार झालेला तिचा आर2बी हा वाण आजही वापरतात. हैदराबादच्या शांतीनगरमधल्या सरकारी पशुवैद्यकीय जैविक संस्थेतही राणीखेतची लस बनते. गच्चीबावलीच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेत या विषाणूवर संशोधन चालतं.

तुमच्या किंवा गावाकडच्या घरी कोंबड्या असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मानमोडीची लस मागा. पहिल्या आठवड्यात डोळ्यातला थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर2बीचं इंजेक्शन, एवढं नक्की द्या. आणि लसीची बाटली घरी आणाल ती बर्फातूनच आणा.