तांबेकर वाडा : भिंतींवर राहिलेले युद्ध



बडोद्यात पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मीविलास पॅलेस, सयाजीबाग आणि कीर्ती मंदिर दाखवतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मात्र बहुधा राहून जातो. बाहेरून तो जुन्या मराठी वाड्यांसारखाच दिसतो. त्याचे वेगळेपण आतल्या भिंतींवर आहे. मंडळाच्या सभासदांना, विशेषतः नव्या पिढीला, या वाड्याची आणि तो टिकवण्यामागच्या खटाटोपाची माहिती व्हावी म्हणून हा लेख.

वाडा कोणाचा?

विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण होते. गणपतराव गायकवाड तेव्हा गादीवर होते. हा वाडा म्हणजे भाऊंचे राहते घर. लाकडी सांगाडा, कोरीव काम, वर चढत गेलेले मजले, आणि खोल्यांच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली रंगीत चित्रे. कृष्णलीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत, त्या काळच्या लोकजीवनाची दृश्ये आणि युरोपीय स्त्रियाही आहेत. याच चित्रांमध्ये इंग्रज-मराठा युद्धाचे प्रसंगही रंगवलेले आहेत. देवघरात शोभतील अशा विषयांशेजारी तोफा-बंदुकांचे युद्ध रंगवून घ्यावे असे एका दिवाणाच्या घराला वाटले, याचा विचार करण्यासारखा आहे.

युद्ध आणि बडोदे

आपल्यापैकी पुष्कळांनी हे युद्ध पुण्याच्या बाजूने वाचले आहे : वडगाव, सालबाई, खडकी, शनिवारवाडा. बडोद्याची बाजू निराळी होती. १७७५ च्या मे महिन्यात राघोबादादा आणि इंग्रजांची फौज एका बाजूला व हरिपंत फडके दुसऱ्या बाजूला, अशी लढाई आणंदजवळ अडास येथे झाली. १७८० मध्ये फत्तेसिंगराव गायकवाडांनी जनरल गॉडर्डशी तह केला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी अहमदाबाद घेतले. १८०२ मध्ये आनंदराव गायकवाड आणि कडीचे मल्हारराव यांच्या भाऊबंदकीत इंग्रजांची फौज आनंदरावांच्या मदतीला आली. त्याच वर्षाच्या अखेरीस बडोदे शहर अरब शिबंदीच्या हातून सोडवायलाही तीच फौज लागली. १८०३ मध्ये शिंद्यांचे भडोच आणि पावागड इंग्रजांनी जिंकले. तोच पावागड आजही आपल्या गच्चीवरून स्वच्छ हवेत दिसतो.

पुढे १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, आणि पेशवे व इंग्रज यांच्यातले वितुष्ट वाढत १८१७ च्या युद्धापर्यंत गेले. त्या युद्धातही बडोदे इंग्रजांच्याच बाजूला राहिले. संस्थान टिकले ते या धोरणामुळे, आणि आपली पुष्कळ घराणी बडोद्यात स्थिरावली ती संस्थान टिकल्यामुळे. ही गोष्ट अभिमानाने सांगावी की संकोचाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिचा विसर मात्र पडू नये. तिसरे युद्ध संपून जेमतेम तीस वर्षे झाली होती तेव्हा भाऊ तांबेकर दिवाण झाले. अशा घराच्या भिंती म्हणजे त्या पिढ्यांनी मागे ठेवलेला कागदच आहे. फरक एवढाच, की कागदाची नक्कल काढून ठेवता येते, भिंतीची येत नाही.

चित्रे खराब कशाने होतात?

चुन्याच्या गिलाव्यावरच्या चित्रांचा मोठा शत्रू पाणी. छपराचे एक कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते, जमिनीतली ओल खालून वर चढते. ओलीबरोबर भिंतीतले क्षार पृष्ठभागावर येतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला सिमेंटचा हात देणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही, असे जुने गवंडी म्हणत ते याच अर्थाने. याशिवाय वाळवी, कबुतरे, दिव्यांची काजळी आणि आपले हात आहेतच. बोटांचा घाम आणि तेल रंगावर साचत जाते. ओल्या फडक्याने 'जरा पुसून घेणे' हे तर सगळ्यांत वाईट.

कायदा काय सांगतो?

तांबेकर वाडा हे केंद्र संरक्षित स्मारक असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आजूबाजूच्या घरमालकांना या मर्यादा जाचक वाटतात, आणि त्यांची अडचण खोटी नाही. मात्र १०० मीटरच्या आतही जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

आपल्या वाड्यांचे काय?

तांबेकर वाड्याला कायद्याचे छत्र आहे. आपल्या खासगी वाड्यांना ते नाही. नजरबाग पॅलेससारखी वास्तूही आज उभी नाही, तिथे दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या साध्या वाड्याची काय कथा! बँकेच्या नोकरीत आम्ही तारण म्हणून आलेल्या अशा घरांची कागदपत्रे पुष्कळ पाहिली. उताऱ्यावर बारा-पंधरा वारसांची नावे असत आणि छपराचा खर्च कोणाच्याच नावावर नसे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर घसारा दरवर्षी चालू असतो, दुरुस्तीची तरतूद मात्र शून्य. पाच-दहा वर्षांत घर 'मोडकळीस आलेले' ठरते आणि मग बिल्डरचा भाव हाच एकमेव भाव उरतो.

प्रत्येक वाडा टिकवता येणार नाही, हे आम्हालाही कळते. मुले पुण्यात, परदेशात आहेत, जिने चढवत नाहीत. तरी एवढे करता येईल :

- घर टिकवायचे असेल तर वारसांनी मिळून छपरासाठी वेगळे खाते उघडावे आणि मृगापूर्वी कौले चाळून घ्यावीत.
- डागडुजीत चुन्याच्या जागी चुनाच वापरावा.
- घर विकायचे ठरलेच तर आधी प्रत्येक खोलीचे, कोरीव खांबांचे, देवघराचे फोटो घ्यावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कोणती खोली कोणाची, हे लिहून घ्यावे.
- जुनी दप्तरे, मोडी कागद रद्दीत देऊ नयेत. वाचता येत नसले तरी जाणकाराला दाखवावेत.

आणि तांबेकर वाडा मुला-नातवंडांना एकदा तरी दाखवावा. हात मागे बांधून, फ्लॅश बंद ठेवून. कृष्ण त्यांना लगेच ओळखू येईल. युद्धाच्या चित्रापाशी 'यात आपले कोण?' असे त्यांनी विचारले, तर उत्तर सोपे नाही, हे आपल्याला ठाऊक असावे.