भाजलेल्या गाठीनंतरचे यकृत

यकृतातील लहान गाठ, साधारणपणे तीन सेंटिमीटरपर्यंतची, कापून न काढता जागच्या जागी उष्णतेने मारण्याच्या पद्धतीला ॲब्लेशन म्हणतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत पाहत त्वचेतून सुई गाठीपर्यंत नेली जाते आणि रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने भोवतालच्या पेशी तापवल्या जातात. तापमान 60 अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशींतील प्रथिने जवळजवळ तत्क्षणी गोठतात, 50 अंशांना त्याच परिणामासाठी काही मिनिटे लागतात, तर 100 अंशांपलीकडे ऊती, म्हणजे पेशींचा समूह, करपते आणि करपलेल्या भागातून वीज नीट वाहत नसल्याने रेडिओलहरींची उष्णता पुढे सरकत नाही.

मृत भाग फिकट व घट्ट दिसतो आणि त्याभोवती रक्तवाहिन्या फुगल्यामुळे तांबूस कडे असते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एक चकवा असतो: सुईलगतच्या पेशींची ठेवण उष्णतेने जशीच्या तशी गोठून राहते, त्यामुळे नेहमीच्या रंगद्रव्याने रंगवल्यास त्या धडधाकट भासतात, आणि त्या खरोखर मेल्या आहेत की नाही हे विकरांची, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची, क्रियाशीलता दाखवणाऱ्या वेगळ्या चाचणीनेच कळते.

रुग्णाच्या घरचे लोक सर्वाधिक घाबरतात ते पहिल्या स्कॅनच्या अहवालाने, कारण त्यातील डाग मूळ गाठीपेक्षा मोठा असतो. तो मोठा असायलाच हवा, कारण गाठीभोवतीची 5 ते 10 मिलिमीटर निरोगी ऊतीही मुद्दाम भाजलेली असते. ही गोष्ट त्यांना उपचारापूर्वीच सांगितली गेली पाहिजे. सुरुवातीच्या काही महिन्यांत डागाभोवती दिसणारी पातळ, सारखी कडा ही दाहाची, म्हणजे शरीराच्या दुरुस्तीच्या कामाची खूण असते. पुढे तिथे तंतुमय वेष्टण तयार होते आणि डाग महिनोन्‌महिने आकसत जातो. कडेवर एखादाच जाड, ओबडधोबड उंचवटा स्कॅनवेळी दिलेल्या इंजेक्शनमधील रंगद्रव्य शोषून उजळला, तर मात्र गाठीचा अंश जिवंत राहिल्याची शंका घ्यावी लागते.

असा अंश बहुधा रक्तवाहिनीच्या कडेला राहतो, कारण तीन मिलिमीटरपेक्षा रुंद वाहिनीतील वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि तिला चिकटलेल्या पेशी पुरेशा तापत नाहीत. म्हणूनच अशा वाहिनीला टेकलेल्या गाठीची तीच बाजू पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये विशेष बारकाईने तपासावी लागते.